आठ आणि दहाच्या मधली ओळ

१

चष्मेवालीच्या तोंडात दिवसभर दोनच वाक्यं असत. "ही बरी, का ही?" आणि "आता खालची ओळ वाचा." सकाळी दुकानाचं दार वर सरकलं की जे सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. झोपेत कूस बदलतानासुद्धा ती "ही बरी, का ही?" असं पुटपुटते, म्हणून नवरा तिला चिडवायचा. "मी बिचारा सांगतोय, ही बरी, ही बरी. पण हिला पटेल तर शपथ!"

दुकान म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत फ्रेमा मांडलेली काचेची कपाटं. मधल्या खोलीला जाड काळा पडदा, आत भरदिवसाही काळोख, आणि त्या काळोखात डोळे तपासायचं मशीन. मागच्या खोलीत नवरा भिंगं घासून फ्रेमेत बसवायचा, तिथून घर्र घर्र असा आवाज कायम. त्याच्या पाठीमागून वर घरात जाणारा लाकडी जिना. वर ही दोघं आणि त्यांची एकुलती एक लेक, बिट्टी. वय वर्षं आठ, नाकावर चष्मा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

मशीन असं होतं की गिऱ्हाइकाने एका बाजूला बसायचं, हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आत बघायचं. आत अक्षरांच्या ओळी. वरची ठळक, मग बारीक होत होत अगदी मुंगीएवढी. चष्मेवाली पलीकडच्या बाजूला उभी राहून भिंगं फिरवायची. तिला त्या ओळी दिसत नसत. तिच्यापुढे उत्तरांचा छापील कागद. गिऱ्हाईक काय वाचतं ते ऐकायचं, कागदाशी ताडायचं, चुकलं की भिंग बदलायचं.

मशीन चालायचं कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटर चालायचा एका सिस्टीमवर. ती सिस्टीम होती आठवी. आणि त्या दिवसांत जिकडेतिकडे एकच चर्चा, की पुढची येतेय ती नववी नाही, एकदम दहावी. मधला आकडा कंपनीने गिळून टाकला होता. कुणी म्हणे, आठवीने इतक्या शिव्या खाल्ल्या की लोकांना वाटावं आपण लांब उडी मारली. कुणी म्हणे, जुन्या प्रोग्रामांना नऊ बघितला की गोंधळायला होतं. कुणी म्हणे, मालकाला नऊ लाभत नाही.

मशीनची देखभाल करायला एक जण यायचा, त्याला सगळे मशीनवालाच म्हणत. दहावी बाजारात यायच्या आधीच त्याने तिची चाचणीची प्रत कुठून तरी मिळवली आणि हौसेने चष्मेवालीच्या मशीनवर चढवून दिली, सोबत उत्तरांचा नवा कागदही.

"ताई, अक्षरांच्या ओळी आठ होत्या, आता एक वाढलीय. पण तिचाही नंबर दहा बरं का! नऊचं नावच काढायचं नाही."

"आणि पक्की कधी येणार?"

त्याने तारीख सांगितली. पडद्याआडून बिट्टी ओरडली, "त्या दिवशी माझा वाढदिवस! आई, मी नऊची होणार आणि ती दहाची होणार!"

"तुझ्यापुढे गेली की गं ती," मशीनवाला हसला.

२

आठवड्याभराने निवृत्त पोस्टमनकाका आले. वय सत्तरीचं, पण जन्मभर पाकिटांवरची गिचमीड वाचलेली, त्यामुळे बारीक अक्षराला न घाबरणारे. त्यांनी आठवी ओळ घडाघडा वाचली. क, प, ठ, ल, र, घ. चष्मेवालीने टिक केलं. "आता खालची."

"आ," काका म्हणाले. "ई. मग म. मग ला..."

तिचा हात भिंगावर थबकला. तपासणीच्या अक्षरांना काना, मात्रा, वेलांटी नसते. नुसती सुटी, सोपी अक्षरं. 'ला' कुठून आला?

"नीट बघा काका. ल असेल."

"पोरी, चाळीस वर्षं टपाल वाटलंय. ला म्हणजे ला. पुढचं धूसर आहे. त्याच्याखाली अजून एक ओळ आहे, ती वाचू?" आणि त्यांनी दहावी वाचली, ती मात्र कागदाशी तंतोतंत जुळली.

काका गेल्यावर तिने कागद उलटसुलट करून पाहिला. आठ, मग दहा. मध्ये छापलेलं काही नव्हतं. म्हातारे आहेत, डोळ्यांवर ताण आला असेल, अशी मनाची समजूत घालून तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

दुसरी होती शिवणकाम करणारी बाई. तिनेही आठवीनंतर म्हटलं, "आ, ई, म, ला."

मशीनवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, चाचणीची आहे ती. असल्या खोडी असणारच. पक्की आली की सगळं पुसलं जाईल."

३

चष्मेवाली डोकं ताळ्यावर असलेली बाई. तिने ठरवलं, कोण काय वाचतं ते एका कार्डावर लिहून काढायचं. ज्याची नजर जेवढी, तेवढी अक्षरं. एकाला चार दिसत, एकाला सहा. गवंड्याच्या बायकोला पुरी नऊ दिसली. तिने ती एकेक करून, मध्ये थांबत, शाळकरी पोरीसारखी वाचली आणि विचारलं, "बरोबर का हो बाई?" चष्मेवाली म्हणाली, "बरोबर," कारण त्या खोलीत तेच म्हणायची सवय.

ती अक्षरं कुणी जोडून वाचली नाहीत. डोळे तपासताना कोण जोडतं? अक्षर दिसलं का, एवढाच सवाल. वाचणारा सुटं वाचतो, ऐकणारी सुटं ऐकते. वीसेक माणसांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि तिच्या हातांनी ती वीस वेळा लिहिली गेली.

दुपारी नवरा हात पुसत पुढे आला. टेबलावरचं कार्ड त्याने सहज उचललं.

"अगं, हे काय लिहून ठेवलंयस? बिट्टीला काही होतंय का?"

"काय लिहिलंय?"

"हे काय. 'आई मला दिसत नाही.'"

घर्र आवाज बंद होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पडद्याआड मशीनचा बारीक पंखा तेवढा फिरत होता. चष्मेवालीने कार्ड त्याच्या हातून घेतलं, पुन्हा वाचलं. वीस वेळा तिला कुणीतरी सांगितलं होतं. वीस वेळा ती म्हणाली होती, बरोबर.

४

त्यानंतर ते चुकीचं मोजणं सुरू झालं.

शाळेतल्या बाईंनी वाढदिवसासाठी चिठ्ठी पाठवली, तिच्यात लिहिलं होतं, 'दहा वर्षं पूर्ण होत असल्याबद्दल.' चष्मेवाली हसली, बाईंनी घाईत चुकून लिहिलं असेल म्हणाली. मग तिच्या बहिणीचा फोन आला. "काय गं, पोर दहाची होतेय म्हणे! कपडे कुठल्या मापाचे घेऊ?"

"दहाची कशी? नऊची."

"ऐकू येत नाहीये गं नीट. दहाचेच घेते."

चष्मेवालीने तिसऱ्यांदाही सांगितलं. नऊ म्हटलं की बहिणीकडून फक्त "हं? काय?" एवढंच येई.

संध्याकाळी तिने नवऱ्याला धरलं. "अहो, बिट्टी आत्ता केवढी?"

"आठ."

"आणि वाढदिवसाला?"

"दहा. असं काय विचारतेस? आठ झाली, आता दहा." त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. बायको भलतीच दमलीय, अशा नजरेने तो बघत होता. "तू चार दिवस दुकान बंद ठेव बरं."

तिने बोटांवर मोजलं. पाच, सहा, सात, आठ, नऊ. नवव्या बोटापाशी आली की आपणच खुळ्यासारख्या उभ्या आहोत असं वाटे. सगळं जग एक म्हणतंय आणि आपण एक, तर बिघाड कुणात आहे हे कळायला शाळा शिकावी लागते का?

दुसऱ्या दिवशी बिट्टी शाळेतून आली आणि रोजच्यासारखी पायऱ्या मोजत जिना चढू लागली. धप, धप. "सहा, सात, आठ, दहा, अकरा, बारा, तेरा!" पायऱ्या बाराच होत्या. ती वर पोचली, दप्तर आपटल्याचा आवाज आला, नळ सुटला. खाली चष्मेवाली पडदा धरून उभी होती.

मग जिन्यात अजून एक पाऊल वाजलं. धप. अर्ध्या वाटेवर कुठेतरी. एकच. त्याच्या पुढचं वाजलं नाही.

"अहो, ऐकलंत?"

"लाकूड आहे, करकरतं," नवरा मान वर न करता म्हणाला.

पण लाकूड करकरतं तेव्हा त्यात चप्पल वाजत नाही.

५

वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. तिने मशीनवाल्याला बोलावून घेतलं आणि पडद्याआड नेऊन म्हणाली, "भाऊ, ही काढा. मला जुनी आठवी परत हवी."

"आठवर जाता येत नाही ताई. माझ्याकडे तर तिची प्रतच नाही. आणि परवा पक्की येतेच आहे."

"मग नववी द्या."

तो हसायला लागला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "नववी नाहीच आहे ताई."

"नाही कशी? आठनंतर दहा आली तर मध्ये काहीतरी असणारच की. कुणी केली नसेल का ती?"

मशीनवाल्याने खुर्चीवर बसून मान खाजवली. "केली असेल. आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. माणसं बसली असतील वर्षभर, बनवली असेल, आपसात वापरलीही असेल. चालतही असेल चांगली. मग एके दिवशी वरून निरोप आला असेल, की हिला मोजू नका."

"मग ती कुठे जाते?"

"जाते कुठे? असेल तशीच राहते. कुणी विचारत नाही, एवढंच."

त्याने पिशवी खांद्याला अडकवली. दारातून वळून म्हणाला, "बिट्टी दहाची होणार ना परवा? खाऊ घेऊन येतो."

६

वाढदिवसाच्या सकाळी बिट्टी खाली आली आणि चष्मेवालीच्या हातातली फ्रेम गळून पडली.

पोर बोटभर नाही, चांगली वीतभर उंच झाली होती. हनुवटी लांबट, मनगटं बाहेर आलेली, पुढचे दोन दात जे कालपर्यंत अर्धे होते ते पुरे. आवाजातली कोवळीक थोडी ओसरलेली. डोळे तेच, हसणं तेच, कानामागे खाजवायची खोड तीच. तिच्या नाकावर निळ्या काड्यांचा चष्मा होता. ती फ्रेम चष्मेवालीच्या कपाटातली नव्हती.

"हा कुठला गं चष्मा?"

"माझाच की."

"अहो," तिने हाक मारली, "एका रात्रीत पोर एवढी वाढते?"

"पोरी वाढतातच," नवरा म्हणाला आणि लेकीच्या डोक्यावर टपली मारली. "चला दहावाल्या बाई, आईकडून डोळे तपासून घ्या."

दर वाढदिवसाला डोळे तपासायचे हा त्यांचा रिवाज. बिट्टी आपणहून पडद्याआड गेली, खुर्चीवर चढली, हनुवटी टेकवली. तिचे पाय आता जमिनीला पोचत होते. बारा वर्षांच्या सवयीने भिंग बरोबर जागेवर बसलं.

"वाच."

बिट्टीने आठ ओळी वाचल्या.

"आता खालची."

"आ," बिट्टी म्हणाली. "ई. ती. को. ण." मग थांबली. "एवढंच आहे. बरोबर?"

चष्मेवालीने या वेळी सुटं ऐकलं नाही. आई, ती कोण?

"आई, बरोबर ना गं?"

चष्मेवालीने भिंग बाजूला सारलं.

७

बिट्टी उठून नवी पुस्तकं बघायला वर पळाली. चष्मेवाली काळोखात एकटी राहिली. समोरची खुर्ची अजून गरम होती. ती मशीनला वळसा घालून त्या बाजूला गेली आणि जन्मात पहिल्यांदा तिथे बसली. हनुवटी टेकवली. कपाळाला पट्टी गार लागली.

ओळी दिसल्या. तिची नजर चांगली, त्यामुळे आठवीही स्वच्छ. त्याच्याखाली दहावी. मध्ये बोटभर कोरी जागा. ती त्या जागेकडे बघत राहिली. तिने डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. कोरं हळूहळू खोल होत गेलं, जशी खिडकीची काच पुसल्यावर आतली खोली दिसू लागते तशी.

एक काळोखी खोली. एक खुर्ची. खुर्चीत एक पोर बसलेली, पाय लोंबकळत, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. चेहरा चष्मेवालीकडेच होता, पण ती नेमकी बघत नव्हती. तिने डोळे बारीक केले होते, मान पुढे काढली होती, जसे चष्म्याचा नंबर वाढलेले लोक करतात. जुनाच चष्मा होता नाकावर, आठव्या वर्षीचा, एक काडी दोऱ्याने बांधलेली. वर्षभर कुणी तिचे डोळे तपासले नव्हते.

चष्मेवालीच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की पावणेतीनचा सव्वातीन झाला असणार.

पोरीचे ओठ हलले. चष्मेवालीने कपाळ इतकं दाबलं की पट्टी रुतली.

"ताई, आहात का?" बाहेर मशीनवाला ओरडला. "पक्की आली बघा! आणि खाऊ आणलाय."

तो पडदा सारून आत आला. काळोखात उजेडाची फट पडली आणि ओळींच्या मध्ये नुसतं पांढरं उरलं. त्याने तिला त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं, पण काही विचारलं नाही. पलीकडे जाऊन खटाखट बटणं दाबू लागला. पाठोपाठ बिट्टी आली, खाऊच्या वासाने, आणि आईला येऊन बिलगली. तिच्या केसांना रोजचाच वास होता. अंग ऊबदार होतं.

"झालंच," मशीनवाला म्हणाला. "फक्त एक विचारतेय. 'आधीच्या आवृत्तीचे अवशेष सापडले. कायमचे काढून टाकायचे का? होय, नाही.' मशीन तुमचं, बटण तुम्हीच दाबा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग पक्की चढत नाही. हे असंच अर्धवट राहणार."

चष्मेवाली उठली. पलीकडे आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन शब्द शेजारी शेजारी. बिट्टीने तिचा पदर सोडला नव्हता.

"आई," बिट्टी हळूच म्हणाली, "तू सकाळपासून माझ्याकडे अशी का बघतेस? माझं काही चुकलं का?"

तिचा खालचा ओठ थरथरत होता. डोळे भरून आले होते. ते डोळे खोटे नव्हते. हे पोर जर ती नसेल, तर तिला ते ठाऊक नव्हतं. आणि जर हीच ती असेल, तर नाही म्हटल्यावर हिचं काय होईल, हे कुणाला ठाऊक? आठवर जाता येत नाही. मागे वळलं तर समोरचीही हातची जाईल.

कुठेतरी, जिन्यात का मशीनमध्ये, खुर्ची सरकल्यासारखं झालं. कुणीतरी उतरायला निघालं होतं.

चष्मेवालीने होय दाबलं.

पंखा एकदा जोराने फिरला आणि मंदावला. मशीनवाला म्हणाला, "झकास."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमनकाका चष्मा घ्यायला आले. तिने त्यांना बळेच आत बसवलं. आठवी त्यांनी वाचली. दहावी वाचली.

"मध्ये काही दिसतं का काका?"

"मध्ये काय असणार पोरी? कोरं आहे."

"नीट बघा."

काकांनी नीट बघितलं. "काही नाही गं."

चष्मेवालीचा जीव भांड्यात पडला. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. तिने सोडलेला श्वास काकांनाही ऐकू आला, आणि तिलाही ऐकू आला. आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिने भिंगाचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. काका विचारत राहिले, "काय झालं पोरी, काय झालं?" आणि मागच्या खोलीतून नवरा कुणाशी तरी हसत बोलत होता, की आमच्या लेकीची गंमतच आहे, बघता बघता दहाची झाली.